जॉश गिब्सनचे कार्ड

एका माणसाच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूल्यमापन तीन स्तंभांत आणि तेहेतीस ओळींत करावे, ही कल्पना साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. आम्हांलाही ती तशी वाटली असती. परंतु पिट्सबर्गमधील वास्तव्यात आम्ही अशा कार्डांच्या सहवासात बऱ्याच संध्याकाळी घालविल्या, आणि समीक्षेच्या वर्गात जे प्रश्न आम्ही मोठ्या शब्दांत विचारत होतो तेच येथे फाशांच्या खुळखुळाटात विचारले जात आहेत असे ध्यानी आले. त्यांपैकी एका कार्डाविषयी आणि त्यावरून झालेल्या वादाविषयी येथे लिहावयाचे आहे.

खेळाचे नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने तो बालवयातच रचावयास घेतला आणि १९६१ साली बाजारात आणला. आपल्याकडे शाळेत मागच्या बाकावर पुस्तकाची पाने उघडून क्रिकेट खेळतात, त्याच कुळातला हा बेसबॉलचा खेळ. फरक असा की पानाच्या क्रमांकाला फलंदाज कोण आहे याची फिकीर नसते, येथे मात्र प्रत्येक खऱ्या खेळाडूचे स्वतंत्र कार्ड असते. फलंदाजाच्या कार्डावर १, २, ३ असे तीन स्तंभ, पिचरच्या कार्डावर ४, ५, ६. प्रत्येक स्तंभात २ ते १२ अशा अकरा ओळी. तीन फासे एकदम टाकायचे: एक फासा स्तंभ ठरवितो, उरलेल्या दोहोंची बेरीज ओळ ठरविते, आणि त्या ओळीत जे लिहिले असेल ते घडते. होम रन, वॉक, बाद, काय असेल ते.

नवे कार्ड हाती आले की मुरलेला खेळाडू नाव वाचून थांबत नाही. तो ६, ७ आणि ८ या ओळींकडे पाहतो. दोन फाशांची बेरीज ७ येण्याच्या छत्तीसांत सहा वाटा आहेत, ६ आणि ८ येण्याच्या प्रत्येकी पाच. म्हणजे या तीन ओळींतच स्तंभाचा जवळजवळ निम्मा संसार सामावलेला असतो. २ किंवा १२ च्या ओळीतला होम रन ही केवळ शोभा होय. शब्द तोच, परंतु त्याचे मोल जागेने ठरते, हे कवितेच्या वाचकाला निराळे सांगावयास नको.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. निम्म्या वेळा फासा पिचरच्या कार्डाकडे जात असल्यामुळे फलंदाजाच्या कार्डावर त्याची खरी सरासरी जशीच्या तशी उतरवून चालत नाही. ढोबळ हिशेब असा: लीगची सरासरी ०.२६० असेल आणि फलंदाज ०.३०० चा असेल, तर त्याच्या कार्डावर ०.३४० भरावे लागतात. तेव्हाच सामान्य पिचरसमोर दोहोंची मिळून ०.३०० येते. म्हणजे कार्ड हे मुळातच अतिशयोक्त असते, आणि ते अतिशयोक्त असते म्हणूनच खेळ खरा उतरतो. अलंकारशास्त्राने अतिशयोक्तीची जी बाजू घेतली तिला इतका चोख अंकगणिती आधार मिळालेला आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.

आमची लीग चौघांची होती: आमचे घरमालक, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कृष्णवर्णीय गृहस्थ, त्यांची ग्रंथालयात काम करणारी भाची, संख्याशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी, आणि आम्ही. जुन्या काळातले नामवंत खेळाडू आपापसांत वाटून घेऊन आम्ही खेळत असू. रूथ कोणाकडे, कॉब कोणाकडे, यावरून रुसवेफुगवे होत. २०२४ च्या उन्हाळ्यात घरमालकांनी कपाटातून एक पेटी काढून टेबलावर ठेवली. स्ट्रॅट-ओ-मॅटिकने २००९ साली काढलेला नीग्रो लीगच्या खेळाडूंचा तो संच होता. स्कॉट सिमकस या संशोधकाने जुन्या वर्तमानपत्रांतील बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यांचे छापील आकडेवार गोषवारे, धुंडाळून त्यासाठी सामग्री जमविली होती. ही कार्डे आता आपल्या लीगमध्ये घ्यावयाची, असा त्यांचा प्रस्ताव होता.

हा प्रस्ताव त्याच वेळी येण्यास कारण होते. बेसबॉलच्या मोठ्या लीगांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना अनेक दशके बंद होती. रूब फॉस्टरने १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे नीग्रो नॅशनल लीगची स्थापना केली आणि एक समांतर विश्व उभे राहिले. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा त्या बंद दाराला पहिली फट पडली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगांना 'मेजर' दर्जा देण्यात आला, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळविण्यात आली. त्या दिवशी टाय कॉबची कारकीर्दीची ०.३६७ ही सरासरी दुसऱ्या क्रमांकावर गेली आणि ०.३७२ घेऊन जॉश गिब्सन पहिला आला. १९४३ च्या मोसमातील त्याची ०.४६६ ही सरासरी एका मोसमाची सर्वोच्च ठरली.

वर सांगितलेला हिशेब लावला तर ०.३७२ च्या माणसाला जवळपास ०.४८४ चे कार्ड द्यावे लागेल. असे कार्ड टेबलावर आले की समोरच्या पिचरने काय करावे? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने तत्काळ हरकत घेतली, आणि ती उथळ नव्हती. मोठ्या लीगांचा मोसम त्या काळी १५४ सामन्यांचा असे. नीग्रो लीगचे अधिकृत सामने साधारण साठ ते ऐंशी भरत. कॉब तीन हजारांहून अधिक सामने खेळला. गिब्सनच्या नोंद झालेल्या सामन्यांची संख्या त्याच्या चतुर्थांशालाही पोहोचत नाही. नमुना लहान असला की टोकाचे आकडे सहज निघतात. शिवाय समोरचे पिचर कोणत्या दर्जाचे होते हे कसे ठरवावे? कार्ड फुगलेले आहे, ते घेऊ नये, किंवा काही टक्के कापून घ्यावे, असे त्याचे म्हणणे.

घरमालकांची तक्रार नेमकी उलटी होती. त्यांचे वडील फोर्ब्स फील्डवर होमस्टेड ग्रेजचे सामने पाहात असत. त्यांच्या तोंडून ऐकलेला गिब्सन या कार्डात मावतच नव्हता. हॉल ऑफ फेमने १९७२ साली त्याचा जो फलक बसविला त्यावर जवळपास आठशे होम रनचा उल्लेख आहे. अधिकृत नोंदींत ते दोनशेही भरत नाहीत. मधले सहाशे गेले कोठे? गावोगाव फिरून खेळलेल्या प्रदर्शनी सामन्यांत, ज्यांचे आकडे लीगच्या हिशेबात धरत नाहीत किंवा ज्यांचे बॉक्स स्कोअर कोणी छापलेच नाहीत. उरलेले काही कथा सांगणाऱ्यांच्या प्रेमातही गेले असतील, हे घरमालक हसत मान्य करीत. परंतु लीगचे मोसम आखूड होते, पोटासाठी गावोगाव फिरावे लागत होते, आणि यांपैकी कोणतीही गोष्ट गिब्सनने स्वखुशीने निवडलेली नव्हती, यावर ते ठाम होते.

एकच कार्ड, आणि एकाला ते फुगलेले वाटते तर दुसऱ्याला आक्रसलेले. आम्हांला येथे पाठचिकित्सेची आठवण होणे स्वाभाविक होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा हस्तलिखितांचा आधार नसलेला मजकूर मूळ संहितेतून वगळला गेला; त्यात लोकांच्या ओठांवरची काही प्रिय प्रकरणेही होती. तेथे संपादक 'हे घडले नाही' असे म्हणत नाही. 'याला पुरेसा लेखी पुरावा नाही' एवढेच म्हणतो. कार्ड करणाराही तसाच संपादक असतो. कूल पापा बेलची गोष्ट पाहा. दिव्याची कळ दाबून अंधार पडण्याच्या आत तो अंथरुणात शिरत असे, अशी त्याच्या वेगाची आख्यायिका सांगतात. परंतु अनेक बॉक्स स्कोअरांत चोरलेल्या बेसची नोंदच नसे. मग धावण्याचा गुणांक कशावरून द्यायचा? क्षेत्ररक्षणाचा १ ते ५ हा गुणांक तर बहुतांशी आठवणींवरच द्यावा लागतो. म्हणजे संहितेतून हाकललेली आख्यायिका मागच्या दाराने परत येते, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. फक्त ती कोणत्या ओळीत आली आहे याचे भान वाचणाऱ्याने ठेवावे.

रॉबर्ट कूव्हर यांची १९६८ सालची एक कादंबरी अशाच फाशांच्या बेसबॉलवर आहे. तिचा नायक हेन्री वॉ हा हिशेबनीस आपली सारी लीग मनातून निर्माण करतो. त्याचा लाडका पिचर डेमन रदरफर्ड फाशांच्याच दानाने मरण पावतो, आणि हेन्रीचे जग ढासळते. तेथील खेळाडूंना कार्डाबाहेर आयुष्य नाही. गिब्सनला ते होते. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो पिट्सबर्गमध्ये मरण पावला. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. ॲलेगेनी दफनभूमीतील त्याची कबर १९७५ पर्यंत नाव नसलेली होती.

वादाचा निकाल लावला तो ग्रंथपाल भाचीने, आणि एका प्रश्नाने. ती विद्यार्थ्याला म्हणाली, "रूथच्या कार्डातून किती टक्के कापायचे?" बेब रूथचे ७१४ होम रन ज्या लीगांत झाले तेथे सॅचेल पेजला प्रवेश नव्हता. १९४८ साली क्लीव्हलँडने पेजला घेतले तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, आणि रूथ कधीच निवृत्त झालेला होता. समोरच्या पिचरांच्या दर्जाविषयीची शंका खरी असेल, तर ती दोन्ही बाजूंना लागू पडते. मग रूथच्या आणि कॉबच्या कार्डांसमोर आपण कधी का थबकलो नाही? विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला की नमुना लहान असल्याची हरकत तरीही उरते. ती उरतेच, आणि भाचीनेही ते नाकारले नाही.

साहित्याच्या अध्यापकाला हा युक्तिवाद परिचित वाटेल. अभ्यासक्रमात उशिरा दाखल झालेल्या लेखकाकडे आपण दर्जाचा दाखला मागतो. आधीपासून बसलेल्यांचा दाखला कोणी पाहिला होता, हे विचारावयाचे राहून जाते. येथे दया दाखवून नव्या कार्डाला वाढीव गुण द्यावेत असा आमचा आग्रह नाही, घरमालकांचाही नव्हता. शंकेची पट्टी एकच असावी, आणि ती सर्वांना लावावी, एवढेच.

शेवटी कार्डे छापली होती तशीच, कापाकापी न करता, लीगमध्ये घेण्याचे ठरले. विद्यार्थ्याच्या समाधानासाठी प्रत्येक नव्या-जुन्या कार्डाच्या पाठीमागे एक चिठ्ठी लावली: किती सामन्यांच्या पुराव्यावर हे उभे आहे आणि त्या सामन्यांतून कोणाला वगळलेले होते. गिब्सनच्या चिठ्ठीवर पहिला रकाना तोकडा भरला. कॉबच्या चिठ्ठीवर दुसरा रकाना इतका लांबला की भाचीला मागे आणखी एक कागद चिकटवावा लागला. त्यानंतर घरमालकांनी पेजचे कार्ड आपल्यासमोर ठेवले, विद्यार्थ्याने रूथचे काढले, आणि जी गाठ मोठ्या लीगांच्या कोणत्याही मोसमात पडू शकली नव्हती तिच्यासाठी फासे हातात घेतले.