दोन गुणांची गोष्ट



सहामाही परीक्षेत सहावीच्या विज्ञानाच्या पेपरात मी विचारले होते, 'चतुर हा कीटक उडते भक्ष्य कसे पकडतो?' एका मुलाने लिहिले, 'तो मागे पळत नाही. डास जिथे जाणार तिथे आधीच पोहोचतो.' मी दोन गुण कापले. मला 'वेगाने पाठलाग करून' हवे होते.

माझी बी.एस्सी. हिंदी माध्यमाची. तिथे 'व्याध पतंग' पाठ केला, घरी आम्ही त्याला हेलिकॉप्टर म्हणायचो. दोन्ही एकच, हे तपासायची गरजच कधी वाटली नाही!

मुलगा काही बोलला नाही, त्याची आजी शाळेत आली. "बाई, तो रोज मागच्या हौदापाशी बसून बघतो हो. एकदा तुम्हीही बघा."

खरे सांगते, मला रागच आला. पण मधल्या सुट्टीत गेले. चतुर काडीवर बसलेला. डोके झटकन वर वळले, तो उडाला आणि परत त्याच काडीवर. डोळ्यांना काही टिपता आले नाही, म्हणून वाचायला बसले.

चतुराच्या एकेका डोळ्यात हजारो भिंगे असतात, काही जातींत तर सुमारे ३०,०००. खालून पाहताना उजळ आकाशावर चिलट काळ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. उडताना तो त्या ठिपक्याला डोळ्यात जागचा हलू देत नाही, हलला की स्वतःची दिशा बदलतो. ठिपका तिथेच राहिला आणि अंतर घटत गेले, की गाठ पडणारच. खो-खोत चांगला गडी मागे न धावता तिरपा आडवा जातो ना, तसेच. २०००मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट ओल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, की १०० झेपांपैकी ९७ यशस्वी होतात. २०१५च्या एका संशोधनात तर दिसले, की आपले शरीर वळल्याने ठिपका किती सरकेल याचा अंदाज घेऊन तो डोके आधीच फिरवतो.

दोन गुण मी भर वर्गात परत दिले. एका पालकांनी विचारले, "बोर्डात असे उत्तर चालेल का?" चालायला हवे, असे माझे मत आहे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. डासांच्या भीतीने हौद बुजवायचे घाटत आहे. चतुराची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. निर्णयापूर्वी एखाद्या मधल्या सुट्टीत या, त्या मुलाला मी हौदापाशी थांबायला सांगितले आहे.