पोकळ मुठीचा सुरा

दहा वर्षं मी ट्रेकला येणाऱ्या नव्या मुलांना एकच सांगत आलो: सुरा घ्यायचा तर मोठा घ्या, सगळी कामं एकाच हत्यारात होतील असा. माझा तसाच होता. आठ इंचांचं पातं, पाठीवर करवतीचे दाते, मूठ पोकळ. आत काड्या, गळ, दोरा आणि झाकणात होकायंत्र. 1982 च्या ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमाने असल्या सुऱ्यांचं वेड जगभर पसरवलं, ते माझ्यापर्यंतही आलं. आज माझा तो सल्ला मी मागे घेतो आहे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मोहरी गावाकडून बोराट्याची नाळ उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय घोट्यात मुरगळला. पाठोपाठ परतीचा पाऊस कोसळला. अंधार पडेपर्यंत त्याला हुडहुडी भरली, ओठ निळे पडायला लागले. शेकोटी हवीच होती. पण भिजलेलं लाकूड वरून पेट घेत नाही. चिरून आतला कोरडा गाभा काढावा लागतो. मी एका वाळक्या ओंडक्यावर पातं ठेवलं आणि दांडक्याने ठोकू लागलो. चार-पाच ठोके बसले असतील, पातं मुठीतून तुटून बाजूला पडलं. आत लोखंड जेमतेम इंचभर होतं. सामान ठेवायची जागा करायला पात्याचा मुठीतला भागच आखूड ठेवला होता.

सोबत वाटाड्या म्हणून गावातले मामा होते. कमरेला आकडी, आकडीत कोयता. “सरा दादा, मी बघतो,” म्हणाले आणि आधी ओंडका दगडावरून उचलून दुसऱ्या लाकडावर ठेवला. “दगडावं घाव घातला का धार गेली म्हणा.” पाय फाकवून उभे राहिले, घाव चुकला तरी नडगीवर येऊ नये म्हणून. सरळ एकही घाव घातला नाही. एक तिरका इकडून, एक तिरका तिकडून, मधली ढलपी उडून बाहेर. मग त्याच कोयत्याने बोटाएवढ्या चिरफळ्या काढल्या, त्यांच्या पातळ साली सोलल्या, आणि चोचीने करवंदीची काटेरी जाळी ओढून बसायला जागाही केली. अर्ध्या तासात जाळ धरला. मित्राच्या हाताला ऊब आली तेव्हा मी पहिल्यांदा तो कोयता नीट पाहिला. गाडीच्या जुन्या पाट्यातून लोहाराने ठोकलेला, वजन पुढच्या टोकाकडे, धार ओढ्यातल्या गुळगुळीत दगडावर लावलेली. याला मी इतकी वर्षं ‘शेतीचं अवजार’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. मला त्याची आजही खंत वाटते.

तेव्हापासून माझं मत पार बदललं. हत्याराला किती सोयी जोडल्या आहेत याला अर्थ नाही. ते एका घावात तुटू नये आणि रानातल्या रानात त्याला धार लावता यावी. करवतीच्या त्या दात्यांत भुसा अडकतो, लाकूड कापलं जात नाही, उलट पाठीवर ठोकताना ते आडवे येतात. कॅनडाचे मोर्स कोचान्स्की रानातल्या सुरीचं पातं तळहाताच्या रुंदीएवढं पुरे म्हणत. पूर्वी मला ते पटत नव्हतं. आता माझ्याकडे चार इंचांची कार्बन स्टीलची साधी सुरी आहे, लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. गंज धरते, म्हणून घरी आलो की पुसून खोबरेल लावतो. जाड लाकडाला घडीची करवत. आणि दाट रानात स्थानिक माणूस नि त्याचा कोयता सोबत असल्याशिवाय मी जात नाही.

आणखी एक, हे मी तो सल्ला देतानाच सांगायला हवं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत सुऱ्याही येतात. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. तिथे परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही.

माझं ऐकून ज्यांनी तसला सुरा घेतला त्यांना विनंती आहे. आजच मुठीचं झाकण उघडा आणि पातं आत कुठवर गेलंय ते बघा. मूठ पोकळ असेल तर तो सुरा डोंगरात नेऊ नका.