मामांची ट्रंक

कांहीं पापें अशीं असतात कीं तीं करतांना माणसाला पुण्य केल्याचें समाधान मिळतें. सन १९८७ च्या दिवाळीपूर्वीं मामांच्या घरची रद्दी काढावयास मी बसलों तेव्हां माझी मनःस्थिति नेमकी अशीच होती. मामांना जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. राजारामपुरींतल्या त्यांच्या घराला रंग द्यावयाचा होता, आणि मागच्या खोलींतल्या कागदांच्या ढिगाला हात लावण्याचें धैर्य मामींना होत नव्हतें. तें काम मीं अंगावर घेतलें. शाईनें काढलेले नकाशे तेवढे निवडून एका लोखंडी ट्रंकेंत भरले. वर डांबरगोळ्या टाकल्या. आणि उरलेल्या वह्या, सुमारें चाळीस तरी असतील, रद्दीवाल्याच्या तागडींत घातल्या. त्या वह्यांत होतें तरी काय? दुधाचा हिशोब, गवंड्यांची हजेरी, घाणीच्या चुन्याचे दर, कोणाच्या तरी मुंजींतला आहेर. मधूनमधून पेन्सिलीचीं रेखाटनें होतीं. पण तींहि अर्धवट. खोली स्वच्छ झाली. मामी चहा घेऊन आल्या. रद्दीचे आलेले सत्तावीस रुपये मीं मोठ्या ऐटीनें त्यांच्या हातावर ठेवले.

मामा कोणी नामवंत वास्तुशिल्पज्ञ नव्हते. एका इंजिनियराच्या कचेरींत नकाशे काढतां काढतां त्यांचा हात बसला आणि पुढें ते स्वतंत्रपणें घरें आंखूं लागले. राजाराम महाराजांचें नांव मिरविणाऱ्या आमच्या या वसाहतींत गल्ल्या नांवांनीं नव्हे, आंकड्यांनीं ओळखल्या जातात. या आंकडेवारींत मामांच्या हातचीं तीस-पस्तीस घरें तरी विखुरलेलीं होतीं. दगडी जोतें, पुढें लाकडी कठड्याचा सोपा, परसांत नारळ, आणि जिन्याखालीं हमखास एक अंधारी कोठडी, हा त्यांचा घाट. रविवारीं ते जलरंगांतलीं चित्रें काढीत, पण तीं कोणाला दाखवीत नसत. त्या वेळीं नकाशे एका गुळगुळीत, पारदर्शक कापडावर काढीत. तें खरें म्हणजे खळ चढविलेलें तलम कापड. पाण्यांत भिजवलें कीं खळ निघून जाई आणि हातीं मलमलीसारखें वस्त्र उरे. बिघडलेल्या नकाशांचें मामी हेंच करीत. माझें पहिलें झबलें एका शाळेच्या नकाशाचें होतें असें घरांत मोठ्या कौतुकानें सांगत. कलावंताच्या कागदपत्रांशीं माझा संबंध असा जन्मापासूनचा, आणि तोहि त्यांच्या नाशाचाच!

यंदां तें घर पाडावयाचें ठरलें. त्या जागीं सदनिकांची इमारत उठेल. ट्रंक पुन्हा उघडावी लागली. वरचाच नकाशा एका दुमजली घराचा निघाला. त्यांतला जिना मामांनीं प्रथम घरांत दाखविला होता. मग तो खरवडून बाहेरच्या भिंतीला लावला होता. आणि तेथूनहि खोडून पुन्हा घरांत घेतला होता. उजेडासमोर धरला कीं तिन्ही जिने एकमेकांत गुंतलेले दिसतात. समासांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें : “पाहा वही ९, पान ३२.” मीं दुसरा नकाशा काढला. “पाहा वही १४, पान ७.” तिसऱ्यावर तसेंच. चौथ्यावरहि तसेंच. मी ट्रंकेपाशीं मटकन खालीं बसलों. ज्याला मीं मोल दिलें तें नुसतें उत्तर होतें. त्यामागचा सारा विचार दुधाच्या हिशोबाशेजारीं लिहिलेला होता.

जिना बाहेर असावा कीं आंत, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण बाहेरचा जिना म्हणजे वरच्या मजल्यावर परकें माणूस. भाडेकरू ठेवावयाचा होता काय? दोघां भावांची पुढेंमागें वाटणी होणार हें मामांनीं आधींच ओळखलें होतें काय? आणि मग पुन्हा आंत कां? कोणी रागावलें? कोणी रडलें? तें घर सहा वर्षांपूर्वींच पाडलें गेलें, तेव्हां आतां घरहि नाहीं आणि कारणहि नाहीं. मामींना विचारलें तर त्या म्हणाल्या, “त्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाईंना पावसांत बाहेरून चढणें जमेना, असें कांहींसें होतें बघ.” मला हायसें वाटलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा विचारलें तेव्हां सासूबाई जाऊन तेथें सावकार आला होता.

त्याच आठवड्यांत नव्या राजवाड्यावरून जाण्याचा प्रसंग आला. १८७७ ते १८८४ या काळांत उभा राहिलेला तो काळ्या पाषाणाचा वाडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनियरानें कल्पिला. गांवांतला टाउन हॉलहि त्याचाच. वाडा पुरा होण्यापूर्वींच, १८८१ सालीं, मँट मरण पावला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाहि मूळ त्याच्याच आंखणीचा. तो १८९० सालीं रॉबर्ट चिझम यानें पुरा केला. या मँटविषयीं एक गोष्ट सर्वत्र सांगतात : आपलें गणित चुकलें, आपले वाडे कोसळणार, या धास्तीनें म्हणे त्याला वेड लागलें. वाडे तर आजहि उभे आहेत. मग त्याला चुकलें असें वाटलें तें काय? एखाद्या मनोऱ्याचा पाया, कीं एखाद्या कमानीवरचा भार? कीं ही सारी गोष्टच मागाहून कोणीं तरी रचलेली? याचा निवाडा दगड करूं शकत नाहीं. दगड उभा आहे, एवढेंच तो सांगतो. निवाडा करील तो हिशोबाचा एखादा कागद, नाहीं तर रात्रीं दिव्यापाशीं बसून घरीं लिहिलेलें एखादें पत्र. असा कागद डोळ्यांपुढें नसला म्हणजे त्याची जागा आख्यायिका घेते, आणि ती मामींच्या सावकारासारखी रोज नवें सोंग घेते.

चित्रकारांची कथा तर याहून विलक्षण. आमच्या गल्लीपासून थोड्याच अंतरावर कोटितीर्थ आहे. त्याच्या कांठीं आबालाल रहिमान राहत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून आलेले, शाहू महाराजांच्या पदरीं चित्रकार म्हणून राहिलेले हे अवलिये १९३१ सालीं वारले. १९२२ मध्यें महाराज गेले तेव्हां त्यांनीं आपलीं चित्रें, कोणी म्हणतात हजारोंनीं, तळ्यांत बुडविलीं अशी कथा आहे. लहानपणीं ती ऐकून मला तळ्याचा तळ चित्रांनीं भरलेला दिसे. आज ती ऐकली कीं मनांत येतें, त्या माणसाचा आपल्या चित्रांवर हक्क होता कीं नाहीं?

आणि बाबूराव पेंटर! १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणारा हा पुरुष मूळचा मेस्त्री घराण्यांतला. त्या घराण्यांत विद्या हातांतून हातांत जाते. कागद हा लाकूड कापीपर्यंतचा सोबती. बाबूराव चित्रपटांतल्या प्रसंगांचीं, वेषांचीं रेखाटनें आधीं करीत. त्यांच्या मूकपटांपैकीं एखाददुसरा अपवाद सोडला तर बाकीचे आज नाहींत. ती जुनी नायट्रेटची फीत एक तर पेट घेई, नाहीं तर डब्यांतल्या डब्यांत कुजून जाई; आणि पुण्यास सरकारचें चित्रपट-संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, बाबूराव जाऊन दहा वर्षें झाल्यावर. ज्याचा चित्रपटच नाहींसा झाला, त्याची चतकोर कागदावरची पेन्सिलीची रेघ केवढी मोठी होऊन बसते! ती आतां तयारी राहत नाहीं. तीच कृति होते.

मराठी माणसाला कागद जपतां येत नाहींत असें मात्र कोणीं म्हणूं नये. पुण्याच्या पेशवे दप्तरांतले रुमाल पाहावे. रियासतकार सरदेसायांनीं १९३० सालापासून त्यांतून निवडून पंचेचाळीस खंड छापविले. पण ते रुमाल टिकले, कारण त्यांच्या आधारानें लोकांचीं इनामें खरीं-खोटीं ठरत होतीं. ज्या कागदानें जमीन मिळते तो आम्ही कापडांत बांधून ठेवतों. नुसता विचार केलेला कागद कोणत्या कोर्टांत चालणार? अपवाद आहेत, आणि ते आमच्याच गांवांत आहेत. बाबूरावांच्या १९३६ च्या ‘सावकारी पाशा’तून पुढें आलेले नट आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे यांनीं राजारामपुरींतलें आपलें राहतें घर चित्रांसह सरकारला देऊन टाकलें, तेथें आतां संग्रहालय आहे. खांडेकरांचें स्मृतिसंग्रहालय शिवाजी विद्यापीठांत आहे. हीं झालीं मोठीं माणसें. मामांची ट्रंक घेऊन मी एका संस्थेंत विचारावयास गेलों, तेव्हां पहिलाच प्रश्न आला, “आपले मामा प्रसिद्ध होते काय?” मी “नाहीं” म्हणालों आणि परत फिरलों.

अखेर वास्तुशास्त्र शिकविणारी एक तरुण मुलगी ओळखीनें घरीं आली. मीं तोंवर नकाशे गल्लींच्या अनुक्रमानें लावावयास घेतले होते. तिनें मला जवळजवळ हात धरून थांबविलें. “काका, जसे सांपडले तसेच राहूं द्या. कोणता कागद कोणाच्या शेजारीं होता, हाहि पुरावाच आहे.” मग तिनें टांचण्या काढल्या, प्रत्येकीखालीं गंजाचा तांबडा डाग होता. फाटक्या नकाशांना मीं मोठ्या प्रेमानें चिकटपट्टी लावली होती. ती पाहून ती कांहीं बोलली नाहीं, हेंच मला फार लागलें. निळ्या छापील नकला मीं उन्हांत वाळवूं पाहत होतों. उजेडानें तो निळा रंग उडतो, हें तिच्याकडून कळलें. ही लोहक्षारांची युक्ति जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं शोधली. बाकीचे कागद आम्लापासून वांचवावे म्हणून क्षारयुक्त पाकिटांत घालतात, पण या निळ्या नकलांना नेमका तो क्षारच बाधतो. त्यांना वेगळें साधें पाकीट. कापडी नकाशांना वैरी एकच, पाणी. २०१९ च्या महापुरांत शाहूपुरींतल्या एका स्नेह्यांच्या घरीं असे नकाशे भिजले, ते गुंडाळीच्या गुंडाळी चिकटून पिठाचा गोळा होऊन बसले. आमच्या गल्लीपर्यंत पंचगंगा येत नाहीं, हेंच मामांचें नशीब.

बोलतां बोलतां ती म्हणाली कीं चार्ल्स कोरिया यांनीं आपले नकाशे आणि कागद लंडनच्या वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेला देऊन टाकले आणि २०१३ सालीं तेथें त्यांचें प्रदर्शन झालें. ज्या लंडनांत सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञानें १८३३ सालीं पार्लमेंटकडून कायदा करवून घेऊन आपलें घर नकाशांसकट जसेंच्या तसें राखविलें, तेथें ते सुखरूप असतील यांत शंका नाहीं. पण मुंबईचें घर कसें विचारांत आलें हें पाहावयास मुंबईच्या मुलानें समुद्रापार जावयाचें, हें मनाला रुचत नाहीं. मला तक्रारीचा अधिकार नाहीं, हें खरें. कोरियांनीं कागद लंडनला दिले. मीं किलोवर विकले.

मामी हें सारें कोपऱ्यांतल्या खुर्चीवरून ऐकत होत्या. त्या आतां ब्याण्णव वर्षांच्या आहेत, पण कान तिखट आहेत. ती मुलगी गेल्यावर त्या म्हणाल्या, “कशाला रे उकरून काढतोस? त्यांनीं जें पुसलें तें त्यांना नको होतें म्हणूनच पुसलें ना? आतां तुम्ही भिंग लावून तें वाचणार! आणि उसनवारीचीं पत्रें आहेत त्यांत. माझ्या भावाचें नांव आहे.” थोड्या वेळानें, माझ्याकडे न पाहतां, “तूं वह्या नेल्यास ना, तेव्हां मला बरेंच वाटलें होतें.”

मी गप्प झालों. वह्या विकल्याबद्दल मामींना वाईट वाटलें असेल या कल्पनेनें गेले कित्येक दिवस मी कासावीस होतों. आणि त्यांना सुटल्यासारखें झालें होतें! कोटितीर्थाच्या कांठचा तो प्रश्न असा माझ्या समोरच्या खुर्चींत येऊन बसला. मामांनीं स्वतः त्या वह्या जाळल्या असत्या तर मीं काय म्हटलें असतें? तो त्यांचा हक्क, असेंच म्हटलें असतें. पण त्यांनीं त्या जाळल्या नाहींत. उलट, प्रत्येक नकाशाच्या समासांत त्या वह्यांचा पत्ता लिहून ठेवला. पुसलेली रेघ लपविणारा माणूस “पाहा” असें कशाला लिहील? हें मीं मामींना सांगितलें. त्यांनीं बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. संध्याकाळीं त्यांनीं ट्रंक जवळ आणवली, पत्रांचा एक गठ्ठा उचलून आपल्या पदराखालीं घेतला आणि म्हणाल्या, “एवढें माझें. बाकीचें लिहून घे.”

तेव्हांपासून रोज दुपारीं मी यादी करतों. ट्रंक त्या मुलीच्या महाविद्यालयांत जावयाची आहे. तेथें एक कोरडी खोली मिळाली आहे. यादी पेन्सिलीनें करावयाची, शाईनें नाहीं, असा तिचा दंडक. नकाशांच्या घडींत सांपडलेलें दुधाचें एक बिल मीं वेगळें काढीत होतों, तें पुन्हा होतें तेथेंच ठेविलें. जें ट्रंकेंत नाहीं, पण असावयास पाहिजे होतें, त्याचाहि एक रकाना आहे, आणि तें कसें गेलें हें ठाऊक असेल तर तेंहि लिहावयाचें. काल त्या रकान्यांत मीं लिहिलें : “वह्या १ ते ४०, अदमासें. सन १९८७ मध्यें रद्दींत विकल्या.” मग थोडा थांबलों आणि पुढें माझें नांव घातलें. मामींना तें वाचून दाखविलें.

“सत्तावीस रुपये मला दिलेस,” त्या म्हणाल्या, “तेंहि लिही.”

मीं तेंहि लिहिलें.