वजाबाकीचा विषाणू
माझी आजी कॅन्सरने गेली. तेव्हापासून एकच प्रश्न छळायचा – आपण इथे रात्र-रात्र प्रोग्रॅम लिहितो, त्याचा पेशंटला काय उपयोग?

उत्तर मिळालं ते मर्केल सेल कार्सिनोमात. हा त्वचेचा दुर्मिळ पण जीवघेणा कॅन्सर. 2008 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या टीमने गाठींमधल्या सुमारे 4 लाख जनुकीय तुकड्यांतून माणसाचे तुकडे कॉम्प्युटरने चक्क वजा केले. उरलेल्यांत नवा विषाणू सापडला! तपासलेल्या 10 पैकी 8 गाठींत तो होता. एरवी हाच विषाणू बहुतेकांच्या त्वचेवर निमूट राहतो.

दोस्तहो, साधी वजाबाकी हो! पुढच्या सेमला मी बायोइन्फर्मेटिक्स घेतोय. येताय कुणी?