तेरला पाच तासांचा हॉल्ट

सुरुवात एका फोटोने झाली. माझी एक मैत्रीण अमेरिकेहून परत येताना वाटेत शांघायला थांबली होती. दुसऱ्या फ्लाइटला बरेच तास होते, तेवढ्यात बाईंनी नदीकाठ पाहिला, उंच टॉवर्स पाहिले, डंपलिंग्ज खाल्ले आणि पन्नास फोटो पाठवले. वर प्रश्न, 'तू लातूरची ना? मध्ये काय काय लागतं गं तुमच्या रस्त्यावर?'

काय लागतं? बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड. पुणे ते लातूर हा प्रवास मी कॉलेजपासून इतक्यांदा केलाय की झोपेतही स्टॉप ओळखते. पण मध्ये कधी उतरले? एकदाही नाही. प्रश्न चांगलाच झोंबला. मग ठरवलं, या वेळी घरी जाताना आपणही स्टॉपओव्हर घ्यायचा. ठिकाण : तेर, जिल्हा धाराशिव. वेळ : फक्त पाच तास.

रात्रीच्या ट्रेनने पहाटे धाराशिवला उतरले. रिक्षाने एसटी स्टँड, एक कडक चहा आणि तेरची लाल गाडी. अंतर साधारण वीस किलोमीटर. कंडक्टरकाकांनी तिकीट फाडता फाडता विचारलं, "कुणाकडं जायचंय ताई?" म्हटलं, कुणाकडे नाही, गाव बघायचंय. ते जरा थांबले. "गोरोबाकाकांच्या दर्शनाला म्हणा की!" असं म्हणून माझ्या प्रवासाला त्यांनीच एक सभ्य कारण देऊन टाकलं.

आता जरा फ्लॅशबॅक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं एक गाइडबुक लिहिलं, 'पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी'. त्यात पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर आहे. तिथून साधं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायची. रस्ते धड नव्हते, हेही लेखकाने नोंदवलंय. (मराठवाड्यातल्या रस्त्यांबद्दलची तक्रार किती जुनी आहे बघा!) हे तगर नेमकं कुठलं, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. ते म्हणजे आपलं तेर, असं फ्लीट या अभ्यासकाने 1901 मध्ये मांडलं.

आणि गंमत म्हणजे याच पुस्तकाच्या शेवटी 'थिना' नावाचा दूरचा देश येतो. म्हणजे चीन. तिथलं रेशीम बॅक्ट्रियामार्गे खुष्कीने त्याच भडोचला यायचं. तेरची मलमल आणि चीनचं रेशीम एकाच बंदरात! मैत्रिणीला लगेच एसएमएस टाकला, 'आमचं शांघायशी जुनं नातं आहे.' (शांघाय तेव्हा नव्हतं, पण एसएमएसमध्ये एवढं चालतं.)

एसटीतून उतरल्यावर मात्र शहर कुठेच दिसत नाही. दिसतं एक साधं गाव. पारावर पेपर वाचणारी माणसं, शाळेला निघालेली पोरं, तेरणा नदी. त्रिविक्रमाचं मंदिर विचारत विचारत गेले. दगडी मंदिरांची सवय असलेल्या डोळ्यांना धक्काच बसतो, कारण हे चक्क विटांचं आहे. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. कार्ल्याच्या लेणीतला चैत्य आठवा आणि तो डोंगरातून बाहेर काढून गावात ठेवलाय अशी कल्पना करा. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्य असावी, असं काही अभ्यासक मानतात. आत आज पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे. कुठली रांग नाही, तिकीट नाही. एक आजी उदबत्ती लावून गेल्या, बस्स.

बाहेर पारावरच्या एका आजोबांनी हटकलं. "पावसाळ्यात यायचं होतं. पांढरीची माती वाहिली की मणी वर येतात. आम्ही लहानपणी वेचायचो." मग काय करायचात त्यांचं? "खेळायचो, आणि काय!"

दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्यांनी ही पोरं खेळत होती. पण गावातल्याच एका माणसाला ते नुसते मणी वाटले नाहीत. रामलिंगप्पा लामतुरे. सापडेल ते त्यांनी जमवलं, जपलं आणि तो संग्रह पुढे शासनाकडे गेला. आज गावातलं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या... तेरची सगळ्यात प्रसिद्ध वस्तू मात्र वितीपेक्षाही लहान आहे. हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्यासारखीच एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं, तेच पॉम्पेई. आमच्या ढोकीच्या शेजारचं गाव आणि पॉम्पेई! मी शाळेत इतिहासाला पैकीच्या पैकी घेणारी मुलगी. पॉम्पेई तेव्हापासून पाठ होतं. तेर नव्हतं.

शेवटचा तास गोरोबाकाकांसाठी. तेरणेकाठी संत गोरा कुंभारांची समाधी आहे. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. संतांच्या मेळ्यात काकांनी थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं, कुणाचं मडकं पक्कं ते. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. ज्या गावाची माती दोन हजार वर्षं विटा, बाहुल्या आणि मडकी होत आली, तिथे ही गोष्ट वेगळीच ऐकू येते.

ढोकीकडे जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा पाच तास संपले होते. घरी पोचल्यावर आईला म्हटलं, तेरला उतरले होते. ती म्हणाली, "अगं, तिथं काय आहे?" मी हसले. परवापर्यंत हेच वाक्य माझं होतं. गोरोबाकाकांनी माझ्या डोक्यावर थापटून पाहिलं असतं, तर निकाल काय लागला असता हे सांगायला नकोच!

कसं जाल? पुणे-मुंबईहून धाराशिवला रेल्वे आणि एसटी, पुढे तेरसाठी एसटी. वस्तुसंग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. आणि हो, कुंथलगिरीचे पेढे कुठे मिळाले तर घरी न्यायला विसरू नका.