मुदत संपलेला कागद

भिवंडीला रात्रीही विसावा नसतो. गल्लीगल्लीतून मागांची खडखड पहाटेपर्यंत चालू असते. २०१३ साली त्या आवाजात आमच्या आईचा एकच प्रश्न मिसळलेला असे : "धाकट्याचा कागद झाला का?"

धाकटा भाऊ सौदी अरेबियात, जुबैल येथे पाइप फिटर होता. 'कागद' म्हणजे इकामा, परदेशी कामगाराचा वास्तव्य परवाना. तो असतो कामगाराच्या खिशात, पण त्याचे नूतनीकरण असते मालकाच्या हातात. जानेवारीत भावाच्या इकाम्याची मुदत संपली. बँकेतील खाते गोठले, घरी येणारे पैसे थांबले, आणि मालकाच्या संमतीशिवाय देश सोडण्याचीही सोय नव्हती.

कारण पुढे कळले. २०११ पासून तेथे 'निताकात' ही योजना लागू झाली होती. स्थानिक लोकांना पुरेशा नोकऱ्या न देणाऱ्या कंपन्या लाल वर्गात टाकल्या जात आणि त्यांच्या कामगारांचे परवाने नवे होत नसत. भावाची कंपनी लाल वर्गात होती. त्याला मात्र "पुढच्या आठवड्यात होईल" एवढेच सांगितले जाई.

आणि मी, शिकलेला थोरला भाऊ, दर रविवारी मिस्सेनंतर त्याला फोनवर सांगत असे, "मालकाशी वाकडे घेऊ नकोस. धीर धर." धीर हा सद्गुण खरा, पण मी माझ्या भीतीलाच धीर म्हणत होतो.

शेजारचे चाचा उत्तर प्रदेशातून माग चालवायला आलेले. त्यांचा भाचा दम्मामला होता. एके दिवशी ते म्हणाले, "मास्तर, धागा तुटला की आम्ही माग थांबवतो. तुम्ही कापड तसेच पुढे जाऊ देता आहात." त्यांच्याकडूनच सवलतीची बातमी कळली. लाल कंपनीतील कामगाराला मालकाच्या संमतीवाचून हिरव्या वर्गातील कंपनीत जाता येत होते, किंवा दंड न भरता मायदेशी परतता येत होते. पासपोर्ट हाती नसेल त्याला भारतीय दूतावास परतीचा तात्पुरता दाखला देत होता. मुदत प्रथम ३ जुलैपर्यंत होती, मग ती ३ नोव्हेंबरपर्यंत वाढली. त्या वर्षी लाखाहून अधिक भारतीय परतले.

व्हिसासाठी काढलेले कर्ज फिटायचे होते. म्हणून भावाने तेथेच राहायचे ठरवले. सप्टेंबरात त्याला हिरव्या कंपनीत काम मिळाले. पण नवा इकामा हाती येईपर्यंत सुट्टीवर येणे शक्य नव्हते. ऑक्टोबरात आई गेली. दफनाची मिस्सा त्याने फोनवर ऐकली.

डिसेंबरात तो आला, तो सरळ दफनभूमीत गेला. त्याने मला दोष दिला नाही. तेच मला अधिक जड गेले.

वाचकहो, आपल्या अनेक घरांतील मुले आखातात आहेत, म्हणून हे लिहितो आहे. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१ पासून नियम सैल झाले आहेत. परवान्याची मुदत संपली, किंवा सलग तीन महिने पगार थकला, तर मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येते. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर २०१५ पासून घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. करार, पासपोर्ट आणि इकामा यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. मुदत संपण्यापूर्वीच विचारणा करावी.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी "धीर धर" म्हणण्यापूर्वी एकदा तारीख विचारावी. मी ती विचारली नव्हती.