साइडकारचा पत्रा

'कॅरव्हॅन' हा शब्द आपण इंग्रजी समजतो, पण तो मूळचा फारसी. कारवान म्हणजे एकत्र प्रवासाला निघालेला तांडा. उर्दूत तो कारवाँ झाला. हैदराबादेत तर एका मोहल्ल्याचं नावच कारवान आहे. युरोपात गेल्यावर हा शब्द आधी तांड्याला आणि पुढे चाकांवरच्या घराला चिकटला. 'व्हॅन' हे त्याचंच आखूड रूप. शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी आपली पोरं नकळत फारसी बोलत असतात.

अमेरिकेत १९३६ साली एअरस्ट्रीम कंपनीनं 'क्लिपर' नावाची कॅरव्हॅन काढली. विमानाच्या धर्तीवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हिटांनी जोडलेले, वर रंग नाही, नुसतं चकचकीत कवच. असे जुने सांगाडे आजही लोक घरी आणतात, नंतर कुणी कुणी चढवलेले रंगाचे थर महिनोन्महिने खरवडतात आणि खालचा पत्रा उजेडात आणतात. त्याचे व्हिडिओ मी तासन् तास बघितले आहेत. पण नारायण पेठेतल्या आमच्या बोळात समोरून रिक्षा आली तर स्कूटर मागे घ्यावी लागते. तिथं कॅरव्हॅन कुठून येणार? आमचा कारवाँ लहान होता. अब्बांच्या बजाज चेतकला जोडलेली साइडकार.

आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक १९७२ साली बाजारात आली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं मध्यमवर्गानं नंबर लावून तिची वाट पाहिली. राणा प्रतापच्या घोड्याचं नाव असलेली ही स्कूटर पुण्यात घोड्यासारखी कमी आणि टांग्यासारखी जास्त वापरली गेली. आम्ही घरात पाच जण. अब्बा चालवणार, अम्मी मागे, मी पुढे उभा, आणि डाव्या बाजूच्या साइडकारमध्ये दोघी बहिणी. ईदला कॅम्पात जायचं तर शीरखुर्म्याचा डबाही त्यांच्याच मांडीवर. गणपतीत शेजारच्या काकूंची मूर्ती विसर्जनाला त्याच साइडकारमधून नदीवर जायची. काकू अब्बांना दरवर्षी बजावायच्या, "भाईजान, डावं वळण हळू हं." त्यांचं बरोबर होतं. साइडकार हलकी असेल तर डावीकडे वळताना तिचं चाक उचललं जातं. म्हणून अब्बा एरवी तिच्यात वाळूचं अर्धं पोतं ठेवायचे.

ही साइडकार विकत घेतलेली नव्हती. अब्बा नाना पेठेतल्या एका गॅरेजात डेंटर होते. ठोकर लागलेला पत्रा आतून डॉली धरून, वरून हातोडीनं सरळ करायचा, उरलेले खड्डे लांबीनं भरायचे आणि पेंटरच्या ताब्यात द्यायचा, हे त्यांचं काम. लोखंडी अँगलचा सांगाडा त्यांनी गॅरेजात वेल्डिंग करून घेतला. वरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जुन्या बाजारातून वजनावर आणला आणि चार-पाच रविवारी वाड्याच्या चौकात बसून ठोकठोक केली. पत्र्या मारुतीच्या पेठेत पत्रेकामाबद्दल कुणी तक्रार केली नाही, असं ते हसून सांगायचे.

अब्बा गेले. चेतक त्याआधीच गेली होती. साइडकार मात्र जिन्याखाली राहिली. तिच्यात आधी कांदे आले, मग रिकामा सिलेंडर, मग कुणाला काहीच टाकवत नाही अशा वस्तू. आता वाडा पाडून इमारत होणार आहे. आम्ही भाडेकरू, नव्या इमारतीत आम्हाला जागा मिळेल असं कागदावर आहे. तोवर मुक्काम कोंढव्यात. जवळपासच्या पेठांतच भाड्यानं घर शोधलं होतं, पण आमचं नाव ऐकल्यावर 'कळवतो' म्हणणाऱ्यांनी काही कळवलं नाही. वाडा रिकामा करायला तीन महिने होते. भंगारवाला रोज डोकावून जायचा. अ‍ॅल्युमिनियमला भाव चांगला असतो.

अम्मी म्हणाली, देऊन टाक. मी म्हटलं, आधी साफ करून बघू.

बाहेरचा निळा रंग पापुद्रे धरून सुटत होता आणि त्याखालून पांढरी भुकटी पडत होती. ती भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. हा धातू उघड्यावर आला की क्षणात स्वतःवर ऑक्साइडचा पडदा ओढून घेतो. पडदा मिलिमीटरच्या काही दशलक्षांशाइतकाच जाड, पण घट्ट, म्हणून लोखंडासारखा तो आत आत सडत जात नाही. मात्र लोखंडाला चिकटून राहिला आणि मध्ये पावसाचं पाणी साचलं, की दोन धातूंची जणू बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. अब्बांना ही रसायनं ठाऊक नसतील, पण उपाय ठाऊक होता. अँगल आणि पत्रा यांच्यामध्ये त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या होत्या. जिथं रबर शाबूत होतं तिथला पत्रा अजून कोरा होता. जिथं ते कुजून गळालं तिथंच भोकं.

रंग काढायला बोहरी आळीत सामान आणायला गेलो. खिडक्यांच्या गजांसाठी लोक कॉस्टिक सोडा वापरतात, तो स्वस्त पडतो. पण अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक लावायचा नसतो, तो रंगाबरोबर पत्राही खातो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो. धुण्याच्या सोड्यानं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं हे अम्मीलाही माहीत आहे. त्याच कुळातली ही गोष्ट. मी पेंट रिमूव्हर घेतला. जेलीसारखा लावायचा, वर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा, रंग फुगून सुरकुतला की प्लॅस्टिकच्या पट्टीनं ओढून काढायचा. तारेचा ब्रश टाळायचा, कारण लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि पुढे तिथं तांबूस ठिपके उमटतात. वास इतका उग्र की काम उघड्या चौकातच करायचं. मध्ये रमजान आला तेव्हा महिनाभर थांबलो. रोज्यात तो धूर घशात नको होता.

एक गोष्ट घरी असं काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगावर भरवसा नाही, आणि गाड्यांचा रंग तर त्या नियमातही येत नाही. कोरडा घासला की शिशाची धूळ उडते, आणि सर्वात जास्त अपाय लहान मुलांना होतो. म्हणून पाणी पेपर ओला करूनच घासायचा, खरवड गोळा करून बांधून टाकायची, त्या कपड्यांत घरात शिरायचं नाही. मुलीला मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या खाली येऊ दिलं नाही. ती तिथून थर मोजायची. निळा, त्याखाली क्रीम, त्याखाली पांढरा. चेतकचा रंग बदलला तेव्हा तेव्हा साइडकारचाही बदलला होता.

पांढऱ्याखाली लांबी आणि लांबीखाली अब्बांची हातोडी. नाकाच्या गोलाईवर शेकडो बारीक ठोके, एकाशेजारी एक. डेंटरचं काम चांगलं झालं याची खूण म्हणजे ते दिसत नाही. गिऱ्हाइकाला ठोकर कुठं लागली होती ते सापडता कामा नये. अब्बांनी आयुष्यभर जे काम केलं ते मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग पाठीमागचं रेक्झिन काढलं. आतल्या बाजूला लाल रंग होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत '…काळी बाहेर पड…' एसटीनं ज्यानं ज्यानं प्रवास केला आहे त्याला पुढचं-मागचं सांगावं लागत नाही. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. पत्रा एसटीचा होता. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एसटी आपल्या घरातली. तिच्या बसच्या बॉड्या दापोडीसारख्या महामंडळाच्याच कार्यशाळांत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यानं मढवल्या जायच्या. आयुष्य संपलेल्या गाड्या लिलावात जातात, त्यांचे पत्रे सुटे होऊन बाजारात येतात. अब्बांनी त्यातला एक उचलला, अक्षरांची बाजू आत घेतली आणि वर रेक्झिन ठोकलं.

माझा बेत पक्का झाला होता. बाहेरून रंग द्यायचाच नाही. हातोडीचे ठोके दिसू द्यायचे, पॉलिश करायचं, त्या अमेरिकन कॅरव्हॅनसारखं. अम्मी चौकात येऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तेरे अब्बाने जो ढाक के रख्या, वो तू कायकू खोलता?"

मी म्हटलं, त्यांची कारागिरी लोकांना दिसेल.

तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तयार साइडकार घ्यायला पैसे नव्हते. भंगारातला पत्रा आहे हे वाड्यात कळू नये म्हणून अब्बांनी पहिला रंग रात्री दिला होता, आणि सकाळी साइडकार दुकानातून आणल्यासारखी दिसली तेव्हा ते खूश झाले होते. त्यांना कारागिरी म्हणजे ते वाटत होतं. ठोके दाखवणं ही माझी हौस, त्यांची नव्हे. ज्याला आता कुणी भंगारवाल्याचा मुलगा म्हणणार नाही, त्याला उघडा पत्रा सुंदर वाटतो. अब्बांना तो परवडला नसता.

तेव्हा मी अब्बांचं ऐकलं. भोकांवर आतून ठिगळं रिव्हिट केली, ट्यूबच्या नव्या पट्ट्या घातल्या. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा रंग टिकत नाही, म्हणून घासून पुसल्यावर लगेच एच प्रायमर दिला, तो पत्र्याला किंचित खाऊन धरून बसतो. वर तोच निळा. आतली लाल बाजू मात्र तशीच ठेवली, फक्त पारदर्शक लॅकर मारलं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आत बसणाऱ्याला मान वळवली की वाचता येतं.

दुसऱ्या कुठल्या स्कूटरला ती अशीच जोडून रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत असे बदल परस्पर करू देत नाही. त्यामुळे सध्या ती कोंढव्याच्या घराच्या गॅलरीत आहे, चाकाखाली वीट लावून. टेम्पोत चढवण्याआधी काकूंनी तिच्या नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "परत येताना आणणार ना रे?" मी हो म्हणालो. अम्मी कधीच साइडकारमध्ये बसली नव्हती, तिची जागा स्कूटरवर मागची. आता संध्याकाळी ती तिथं चहा घेऊन बसते.